किटलीची तोटी डावीकडे

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने पुढच्या आयुष्यात जरा जपूनच राहावं. पण त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका माणसाची अठ्ठावीस वर्षं बावीस सेकंदांत आटोपली, आणि आटोपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. खरं तर सगळ्यांच्या थांबल्यावरही त्याच्या दोनतीन जास्तच वाजल्या, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्याने वळून पाहिलं. बावीस सेकंद म्हणजे काही फार नाही. चहात साखर ढवळायला लागतात तेवढे. बुटाची एक नाडी, तीही गाठ बसलेली नसेल तर. बावीस सेकंदांत माणसाचं काय काय उरकतं याची तो मनातल्या मनात यादी करत बसला, कारण समोरच्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघायचं त्याला टाळायचं होतं. तिथे चाळीस चित्रांचे प्रत्येकी तेरा, असे पाचशे वीस आयकॉन कवायतीच्या पोरांसारखे रांगा धरून उभे होते, लहानमोठे, उंचीप्रमाणे, आणि त्यांतल्या एकालाही त्याचा हात लागलेला नव्हता.

आपलं काम काय, हे त्याला कधी कुणाला धड सांगता आलं नव्हतं. लग्नकार्यात कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मी मुंग्यांसाठी पाट्या रंगवतो. ते फारसं खोटंही नव्हतं. फोनच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढी चौकोनी चित्रं असतात, ज्यांच्यावर बोट टेकलं की ॲप उघडतं. ती चित्रं कुणीतरी कल्पक माणूस चांगली ऐसपैस काढून पाठवतो. व्हेक्टर म्हणतात त्यांना. ठिपक्यांनी नव्हे, नुसत्या सूचनांनी काढलेली: इथून तिथवर रेघ, एवढा बाक, आत हा रंग. घराएवढं करा, नखाएवढं करा, चित्र कुठे फाटत नाही की विरत नाही. पण पडदा पडला चौकोनांचा. सगळ्यांत लहान आकारात सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन्न घरं, बुद्धिबळाचे चार पट एकमेकांना चिकटून मांडावेत एवढीच जागा. तेवढ्यात किटली, तिचं झाकण, कान, तोटी, वाफ, सगळा संसार बसवायचा. लोकांना वाटतं, लहान करायचं म्हणजे दाबायचं. दाबलं की रेघ दोन घरांच्या मधोमध येऊन पडते आणि दोन्ही घरं राखाडी होतात, ना इकडची ना तिकडची; चित्राला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. तिथे माणूस लागायचा. तो रेघेला अर्धं घर बाजूला सरकवायचा. वाफेच्या तीन रेघांतल्या दोन काढायचा, आणखी लहान आकारात तिसरीही. झाकणावरची चकाकी पुसायचा. आणि शेवटी, डोळे बारीक करून, खुर्ची मागे ढकलून ठरवायचा, की आता काय राहिलं म्हणजे ही अजून किटलीच आहे. अठ्ठावीस वर्षं त्याने चित्रं काढली नाहीत, चित्रांतलं काढून टाकलं.

ज्या बाईने यंत्राकडून हा बावीस सेकंदांचा चमत्कार करून घेतला तिला ऑफिसात सगळे चष्मेवाली म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती ओ देत असे. दोन शाळकरी मुलींची आई, प्रोग्राम लिहिण्यात वाकबगार, आणि इतकी सरळ की तिच्यासमोर थाप मारताना पाप लागल्यासारखं वाटावं. तीन महिने ती त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसली होती. मांडीवर वही. "काका, ही रेघ जाड का केलीत?" "काका, इथला ठिपका का घालवलात?" सुरुवातीला तो म्हणाला, अगं, बघितल्यावर कळतं. ती म्हणाली, मशीनला बघितल्यावर कळत नाही हो, त्याला सांगावं लागतं. मग तो सांगू लागला. सांगताना त्याला प्रथमच कळलं की आपल्याला एवढं येतं. दीड घरापेक्षा बारीक रेघ दिसली की दोन घरांची कर. दोन रेघांमधली फट एका घराखाली गेली की फट राखू नको, भरून टाक. डोळा शेवटपर्यंत ठेव; पाखराचे पाय गेले तरी चालतील, डोळा नाही. त्याला रोज सकाळी ती कधी येते असं व्हायचं. इतक्या लक्षपूर्वक त्याचं बोलणं घरी सात महिन्यांत कुणी... पण नाही, ते तसं नव्हतं, घरी लक्षपूर्वकच ऐकलं जात होतं. घरी काय होतं ते वेगळंच होतं. तर असे चौसष्ट नियम झाले. आणि त्यांतला एकतिसावा ही शुद्ध थाप होती.

"ओतायची जी जी वस्तू असेल," त्या दिवशी तो गंभीरपणे म्हणाला होता, "किटली, झारी, तेलाची बुधली, तिची तोटी कायम डावीकडे. जीव गेला तरी."

"का?"

"उजवीकडे असली की बघणाऱ्याच्या अंगावर सांडतं."

"चित्रातून?"

"अगं, एका कंपनीने उजवीकडे केली होती. नऊ हजार लोकांनी फोन झटकून खाली टाकले. भाजल्याचा भास! पुढे त्यांनी ती डावीकडे केली तेव्हा कुठे थांबलं."

चष्मेवालीने चष्मा वर सरकवला आणि लिहून घेतलं. तो वाट बघत राहिला. माणूस थाप मारतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर एक जागा असते, भुवईच्या जरा वर, तिथे आधी उजाडतं. त्या उजेडासाठी तर सगळी खटपट. तिथे काहीच झालं नाही. नियम एकतीस, तिने खाली रेघ ओढली, पुढे? आणि त्याला ते खोडायला सांगण्याचं धैर्य झालं नाही, कारण नियम थापेचा असला तरी तोटी खरोखरच डावीकडे होती. अठ्ठावीस वर्षं त्याने एकही किटली उजवीकडे तोंड करून सोडली नव्हती. गिऱ्हाइकांच्या ती सहसा लक्षात आली नाही. आली तरी त्याने काहीतरी सांगून वेळ निभावून नेली होती.

आणि आता पडद्यावर, सातव्या रांगेत, चहाच्या दुकानांच्या एका साखळीची किटली तेराच्या तेरा आकारांत डावीकडे बघत होती. मॅनेजर उठून पडद्याजवळ गेला.

"ही उलटी का?"

"उलटी नाही सर. नियम एकतीस," चष्मेवाली म्हणाली. "ओतायच्या वस्तूची तोटी डावीकडे. काकांचा नियम आहे."

"अहो, पण गिऱ्हाइकाच्या प्रत्येक दुकानावर पाटी आहे, ती उजवीकडे आहे! त्यांनी पाठवलेलं चित्र उजवीकडे आहे!"

"हो, पण उजवीकडे असली की लोकांना भाजल्यासारखं वाटतं. एका कंपनीच्या नऊ हजार..." ती थांबली. चारचौघांत मोठ्याने म्हटल्यावर तिचं तिलाच ते कसंतरी ऐकू आलं असावं. कुणीतरी खोकलं. मॅनेजर, चष्मेवाली, शेजारच्या खुर्चीवरचा, सगळे त्याच्याकडे बघू लागले. आणि चष्मेवालीच्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट होती, काका सांगतील, काकांना कारण माहीत असतं.

"काढून टाक तो नियम," तो म्हणाला.

"काढू? तुम्हीच म्हणाला होतात, जीव गेला तरी..."

"आता सांडत नाही."

सगळे हसले. तिने दोन ओळी निवडल्या आणि एक बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही फारसा, नख टेबलावर लागावं तेवढा. पुन्हा बावीस सेकंद. आणि किटली, झारी, तेलाची बुधली, दुधाचा जग, जेवढं म्हणून ओतणारं होतं तेवढं सगळं, मागून कुणी हाक मारल्यासारखं उजवीकडे वळलं. आधीच्या बावीस सेकंदांनी त्याला फक्त ओशाळं केलं होतं. ह्या बावीस सेकंदांत मात्र टेबलाच्या पलीकडे बसलेलं एक माणूस त्या यंत्रातून उठून निघून गेलं होतं, आणि ते तिथे होतं हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

कारण बायको डावखुरी. एवढंच. टेबलाच्या एका बाजूला तो, समोर ती, मध्ये कप. उजव्या हाताचं माणूस समोर बसून ओततं तेव्हा किटलीची तोटी आपल्याला उजवीकडे दिसते. डावखुरं ओततं तेव्हा डावीकडे. तेहतीस वर्षं रोज दोन वेळा त्याने ती तशीच पाहिली होती. जगातल्या सगळ्या किटल्या त्याच बाजूला बघतात असं त्याला वाटत असे असं नाही. पण हात तसाच जायचा, आणि पहिल्यांदा कुणी तरी विचारेपर्यंत आपला हात तसा जातो हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारल्यावर खरं सांगायची लाज वाटली. बायकोचं नाव ऑफिसात कसं काढायचं? थाप त्यापेक्षा सभ्य.

ती एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर होती. त्यांची ओळख कशी झाली याच्या त्याने आजवर अकरा हकिकती सांगितल्या होत्या. एकीत त्याने चुकून लावलेला नंबर होता, एकीत वीज पडून दोन तारा जुळल्या होत्या, आणि खरी हकिकत, की त्याच्या मावशीने तिच्या मावशीला विचारलं, ही सगळ्यांत कमी पटण्यासारखी म्हणून त्याने कधी सांगितलीच नाही. दिवसाला पाचसहाशे माणसं तिच्या कानातून जायची. कुठला साहेब खरंच मीटिंगमध्ये आहे आणि कुठला नुसताच आहे, हे तिला नुसत्या श्वासावरून कळायचं. अशा बाईशी थापाड्याने लग्न करावं! पण तिथेच तर गोम होती. लोक थापाड्याला खोटारडा म्हणतात, ते चुकतं. खोटारड्याला पकडलं जायचं नसतं. थापाड्याला पकडलं जायचंच असतं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. तो संध्याकाळी यायचा, बूट काढता काढता सुरू करायचा, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आज आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये इतका वेळ अडकली, की आत चढताना नुकतीच दाढी केलेला माणूस उतरताना कुणाला ओळखू आला नाही. आणि ती, न वळता, हातातलं काम न थांबवता, टपालावर शिक्का मारावा तशी म्हणायची: थाप. बस. कधी त्याने रंगवत नेलं तर मध्येच म्हणायची, कधी अगदी शेवटी. तिला कुठे म्हणायचं ते बरोब्बर कळायचं, आणि ते ऐकलं की त्याचा दिवस संपायचा, दिवा घालवल्यासारखा.

सात महिन्यांपूर्वी कपडे वाळत घालताना तिच्या हातातून चिमटा पडला, तो उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा परत आला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, समजणं शाबूत आहे, शब्द काढता येत नाहीत. शब्द दोन घरांच्या मधोमध पडायचे आणि राखाडी व्हायचे, हे डॉक्टर नाही म्हणाले, ते त्याचं त्यालाच सुचलं, दवाखान्याच्या बाकावर बसून. कुणीतरी तिला न विचारता सोळा गुणिले सोळाची करून टाकली होती. तिच्यापाशी एकच शब्द उरला, आणि उरून उरून कोणता उरावा? मग. भूक लागली, मग. दुखतंय, मग मग. पंखा बंद कर, मग! जन्मभर ज्याने कुणीतरी 'मग?' म्हणावं म्हणून जीव टाकला त्या माणसाला आता दिवसरात्र तेवढंच ऐकायला मिळत होतं. देव असलाच तर तोही थापाड्या असला पाहिजे.

बोलणं शिकवायला एक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, पिशवीत चित्रांचे पत्ते घेऊन. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, परत येतात ते रुळलेले शब्द आधी येतात हो, शिव्या, गाणी, आकडे, हाका. ज्या वाटेनं माणूस रोज गेलंय त्या वाटेवरचे. बायको शिव्या देत नसे, गाण्याच्या बाबतीत तिने कधी कुणाला त्रास दिला नव्हता. पण एक शब्द ती तेहतीस वर्षं रोज म्हणत आली होती. त्या दिवसापासून त्याने थापा दुप्पट केल्या. घरात दुसरं औषध काय होतं त्याच्याकडे? एका गिऱ्हाइकाला इतका बारीक आयकॉन हवा होता, की मुंगीला शिकवून तिच्याकडून काढून घेतला, आणि मुंगीने सही मोठी केली म्हणून वाद झाला. ती एका बाजूच्या ओठाने हसायची. मग? पुढे जायची हिंमत नसली तरी तो पुढे जायचा. थापा वाढत गेल्या, इमारती उडू लागल्या, नद्या उलट्या वाहू लागल्या. मग. मग. मग.

एकदा बाईंनी किटलीचा पत्ता धरला. बायकोने बघितलं आणि ठामपणे मान हलवली, नाही. पुन्हा धरला. नाही. बाईंनी वहीत लिहिलं, ओळखता आलं नाही. दारात उभ्या असलेल्या त्याला एकट्याला दिसलं होतं की पत्त्यावरच्या किटलीची तोटी उजवीकडे आहे, आणि तिने ती इतकी ओळखली होती की ती आपली नाही हेही ओळखलं होतं. पण हे त्या बाईंना कसं सांगणार? थापाड्याचं खरं कोण ऐकतं?

गेल्या मंगळवारी बाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत नेऊन सांगितलं की सात महिने झाले, आता शब्दांचा नाद सोडू या. टॅबलेटवर चित्रं लावून द्या, चहा, पाणी, झोप, दुखतंय. त्या बोट ठेवतील, टॅबलेट बोलेल. पुष्कळ जण त्यावर सुखानं राहतात. आणि एकदा बोटाची सवय लागली की जीभ सहसा त्रास घेत नाही, हेही सांगते, तुमच्यापासून कशाला लपवू. त्याने शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली. बाई म्हणाल्या, दोन दिवसांत काय होणार आहे? पण दिली. तो शुक्रवार उद्यावर आला होता. अठ्ठावीस वर्षं जगासाठी आयकॉन करणाऱ्या माणसाला आपल्या बायकोला मात्र त्यांच्या स्वाधीन करायचं नव्हतं; कुठल्यातरी परक्या बाईचा आवाज म्हणणार, मला चहा हवा आहे, आणि टेलिफोन बोर्डवर ज्या आवाजासाठी माणसं मुद्दाम चुकीचे नंबर लावायची तो आवाज समोर बसून ऐकणार.

दुपारी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच त्याला कळलं. काका, तुमचं ज्ञान आता कायमचं जपलं गेलं, मॅनेजर म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणत होता. पुढच्या महिन्यापासून आठवड्यात एक दिवस या, नुसती नजर टाका. एक दिवस तरी आठवड्यात आमची करमणूक नको का? तो हसला, मॅनेजर हसला. टेबलावरच्या काचेखाली मॅनेजरच्या मुलाचं चित्र होतं, घर, सूर्य, चार पाकळ्यांचं फूल, आणि त्याच्या मनात आलं की ह्या सूर्याचे किरण सोळात बसणार नाहीत, चार ठेवावे लागतील. चौसष्ट नियमांतला तो सतरावा. आपण आता विचारही क्रमांकाने करतो.

संध्याकाळी चष्मेवालीने त्याला लिफ्टपाशी गाठलं. हातात ऑफिसातली एक जुनी टॅबलेट. "काका, तुम्ही काल बोलता बोलता म्हणाला होतात ना काकूंसाठी चित्रं लागणारेत? मी केली. साठ आहेत. मोठी, स्पष्ट, तुमच्याच नियमांनी." ती लाजली. "वेळ नाही लागला. बावीस सेकंदसुद्धा नाही."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. काच गार होती. एवढ्या प्रेमाने कुणी काही दिलं की माणसाला नाही म्हणता येत नाही.

"एक विचारू? एकतीस नंबरचं खरं कारण काय होतं? सांडण्याचं नका सांगू, मला सगळे दिवसभर चिडवतायत."

लिफ्ट येत होती. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं, निदान हिला. "बायको डावखुरी आहे," तो म्हणाला. "ती समोर बसून ओतते तेव्हा तोटी डावीकडे दिसते."

चष्मेवाली क्षणभर बघत राहिली आणि मग भुवईच्या जरा वर, बरोबर त्या जागी, उजाडलं. ती खळखळून हसली. "जा हो काका! या वेळी नाही फसायची मी." लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती हसत होती, आणि खाली जाताना त्याला वाटलं, चला, शिकली एकदाची.

रस्त्याने चालताना बॅग एका खांद्याला जड लागत होती. टॅबलेटचं वजन ते कितीसं असणार. पण आत एक किटली उजवीकडे तोंड करून बसली होती, आणि तो चालत होता तशी तीही पाठीवर ठक ठक लागत होती. चपलांच्या दुकानाची पाटी, दवाखान्याची खूण, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र. त्याने सवयीने त्या सगळ्यांना लहान करून पाहिलं, काय काढावं, काय ठेवावं. हिरव्या माणसाला गुडघे नव्हते आणि तरी तो चालत होता. मग त्याने तिला लहान करून पाहिलं, जे त्याने सात महिन्यांत केलं नव्हतं. कामाची घाई काढली. चालणं काढलं. उजवा हात काढला, मांडीवर झोपलेल्या मांजरासारखा पडलेला. आवाज काढला. काय राहिलं म्हणजे ती अजून तीच असते? पत्त्यावरच्या किटलीला ठामपणे हललेली मान राहिली. दिवा लाल व्हायला आला आणि मागच्या माणसाने त्याला म्हटलं, चला की आजोबा, का इथेच राहणार?

घरात सांजेचा उजेड अजून खिडकीत होता. बॅग त्याने दाराआड ठेवली, भिंतीकडे तोंड करून. दिवसभर बायकोजवळ असणारी तिची धाकटी बहीण चपला घालत होती. "जेवली नीट. दुपारी माझ्यावर चिडली होती, पण का ते कळलं नाही," ती म्हणाली, आणि गेली. बायकोने चहा केला होता. डाव्या हाताने सगळं. डावखुरं असण्याचा जन्मात पहिला फायदा, तो म्हणायचा. टेबलावर दोन कप, मध्ये किटली. ती समोर बसली आणि ओतू लागली. तोटी डावीकडे.

"कुणाचा विश्वास बसणार नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच फुटक्या कपासारखा वाटला. "पण आज आमच्याकडे एक यंत्र आलं. त्याला म्हटलं, किटल्या डावीकडे वळव. तर त्याने गावातल्या सगळ्या वळवल्या. मॅनेजर चहा ओतायला गेला, तर चहा त्याच्या एका बाहीत शिरून दुसऱ्या बाहीतून बाहेर. गरमच्या गरम."

"मग?"

"मग आगीचा बंब बोलावला. तर त्यांचे पाइपही डावीकडे. शेजारची इमारत विझवून आले."

"मग?"

"ती पेटलीच नव्हती! आता तिथली माणसं म्हणतायत, विझवलीत ना? आधी पेटवून द्या, मग बोलू."

तिचा डावा ओठ वर गेला. डोळे हसले. तो थांबला, श्वाससुद्धा धरून, थाप इतकी मोठी होती की तिला हात लावायला नुसतं बोट पुढे करायचं होतं.

"मग," ती म्हणाली, आणि त्याचा कप त्याच्याकडे सरकवला.

ठीक आहे. त्याने एक घोट घेतला. बशीत एक थेंब सांडला होता तो बोटाने पुसला. उद्या बाई येतील. दाराआड बॅग होती. आता सांगायला काही उरलं नव्हतं, आणि रोजच्यासारखं काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, कपाकडे बघत, नीट घडी घातलेल्या आवाजात.

"म्हणजे खरंच यंत्र आलंय. माझं काम ते करतं आता. चांगलं करतं, खोटं कशाला बोलू. मी आठवड्यातून एकदा जायचं. तो तोटीचा नियम होता ना, तोही काढला आज. मीच काढायला सांगितला." तो हसला. "बरंच झालं. मला काही वाईट नाही वाटलं."

ती स्वतःच्या कपात ओतत होती. धार थांबली. किटली तिने खाली ठेवली नाही, तशीच तिरकी धरून ठेवली, आणि मान जराशी एका बाजूला कलली, कानाला फोन असल्यासारखी. तारेच्या पलीकडे कोण आहे आणि तो कसा श्वास घेतोय ते ऐकत असल्यासारखी. त्याने वर पाहिलं. तिचे ओठ 'म'साठी मिटले. तसेच मिटलेले राहिले. मग उघडले, वाकडे, डाव्या बाजूने जास्त, आणि दातांच्या मागे जीभ काहीतरी शोधू लागली, अंधारात भिंतीवर बटण शोधावं तशी, इथे नाही, जरा वर, इथेही नाही.

"थाप," ती म्हणाली.